उपनगरात घर घेताना : काचेच्या कचऱ्याचे पुढे काय होते?

मोठ्या शहराच्या कडेला घर शोधणारे कुटुंब साधारणपणे ठरावीक गोष्टी पाहते. दर चौरस फुटाचा भाव, रेल्वे स्थानक किंवा मेट्रोपर्यंतचे अंतर, पाण्याची वेळ, शाळा, रुग्णालय आणि इमारतीची कागदपत्रे यांची चौकशी होते. घरातून रोज निघणारा कचरा कोण नेतो आणि कोठे नेतो, हा प्रश्न मात्र बहुतेक वेळा राहायला गेल्यानंतर पडतो. तोपर्यंत करार झालेला असतो, कर्जाचे हप्ते सुरू झालेले असतात आणि इमारतीमागच्या मोकळ्या भूखंडावर कचऱ्याचा ढीग का साठतो, याचे उत्तर देणारा कोणी सापडत नाही.

एखाद्या वसाहतीची कचरा व्यवस्था कितपत खरी आहे, हे थोडक्यात तपासायचे असेल तर काचेची चौकशी करावी. ओला कचरा कुजतो, कागद आणि पत्र्याला भंगारात गिऱ्हाईक असते, प्लास्टिक हलके असल्याने सहज उचलले जाते. काच यांपैकी कशातच बसत नाही. ती कुजत नाही, जळत नाही, वजनाला जड असते, तिला भाव कमी मिळतो आणि फुटली की हाताळणाऱ्याला इजा करते. त्यामुळे ज्या परिसरात काचेची नीट विल्हेवाट लागते, तेथे वर्गीकरण, वाहतूक आणि खरेदीदार ही साखळी जागेवर असल्याचे बहुधा दिसून येते. जेथे काचेबद्दल कोणालाच काही सांगता येत नाही, तेथे बाकीच्या कचऱ्याबद्दलची आश्वासनेही जपूनच ऐकावीत.

काच पुन्हा काच कशी होते?

बाटल्या, बरण्या आणि खिडक्यांसाठी वापरली जाणारी सर्वसाधारण काच प्रामुख्याने सिलिका वाळू, सोडा अ‍ॅश आणि चुनखडी यांपासून तयार होते. हे मिश्रण भट्टीत सुमारे १,५०० अंश सेल्सिअस तापमानाला वितळवले जाते. महाराष्ट्रात सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कासार्डे परिसर सिलिका वाळूच्या खाणींसाठी ओळखला जातो. म्हणजे कचऱ्यात गेलेल्या प्रत्येक बाटलीच्या बदल्यात कोठे तरी नव्याने वाळू खणली जाते आणि भट्टीसाठी नव्याने इंधन जाळले जाते.

वापरून झालेल्या काचेचे तुकडे पुन्हा भट्टीत टाकता येतात. उद्योगात या तुकड्यांना ‘कलेट’ म्हणतात. कच्च्या मालात कलेटचे प्रमाण दर १० टक्क्यांनी वाढले की भट्टीला लागणारी ऊर्जा साधारण अडीच ते तीन टक्क्यांनी कमी होते, असा उद्योगातील सर्वमान्य हिशेब आहे. एक टन कलेट वापरल्यास सुमारे १.२ टन नैसर्गिक कच्चा माल वाचतो. चुनखडी आणि सोडा अ‍ॅश तापवल्यावर त्यांतून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. कलेटमधून तो पडत नाही, कारण ती प्रक्रिया एकदा होऊन गेलेली असते. कागदाचे तंतू प्रत्येक पुनर्वापरात आखूड होत जातात आणि प्लास्टिकचा दर्जा उतरतो. काचेचे तसे होत नाही. स्वच्छ आणि रंगानुसार वेगळी केलेली काच कितीही वेळा वितळवून त्याच दर्जाची बाटली करता येते.

भारतात काचेच्या भट्ट्या काही ठरावीक भागांत एकवटलेल्या आहेत. उत्तर प्रदेशातील फिरोजाबाद हे बांगड्या आणि काचसामानाचे जुने केंद्र आहे. ताजमहालाच्या संरक्षणासाठी आखलेल्या क्षेत्रात हे शहर येत असल्याने सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर त्या क्षेत्रातील उद्योगांना कोळसा सोडून नैसर्गिक वायूकडे वळावे लागले. गुजरातमधील भरूच आणि सुरत जिल्ह्यांत तसेच तेलंगणात हैदराबादच्या परिसरात बाटल्या तयार करणारे मोठे कारखाने आहेत. सपाट काचेचे मोठे कारखाने नवी मुंबईजवळच्या तळोजा येथे आणि चेन्नईजवळच्या श्रीपेरुंबुदुर येथे आहेत.

महाराष्ट्राचा काचेशी संबंध जुना आहे. स्वदेशी चळवळीच्या काळात लोकांकडून पैसा पैसा गोळा करून उभारलेल्या ‘पैसा फंडा’तून १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे येथे काच कारखाना सुरू झाला. कराडजवळच्या ओगलेवाडीचा ‘प्रभाकर’ कंदील तर अनेक पिढ्यांच्या घरात उजेड देऊन गेला. तेच तळेगाव आज पुण्याच्या लोकल गाडीने जोडलेले उपनगर झाले असून, तेथे घर घेणारी कुटुंबे काचेचे काय करायचे, असा प्रश्न विचारण्याच्या स्थितीत आहेत.

भट्टीला कोणती काच चालते?

‘काच’ हा एकच शब्द असला तरी कचऱ्यात येणारी काच एका जातीची नसते. लोणच्याची, जॅमची बरणी, सरबताची, सॉसची किंवा मद्याची बाटली, ही सगळी काच पुनर्प्रक्रियेला योग्य असते. तिचे तीन गट केले जातात : पांढरी म्हणजे रंगहीन, तपकिरी आणि हिरवी. रंगहीन काचेच्या भट्टीत तपकिरी तुकडे मिसळले तर तयार माल डागाळतो, म्हणून वेगळ्या केलेल्या रंगहीन काचेला अधिक मागणी असते.

भट्टीत वापरता येणारी भांडी आणि प्रयोगशाळेतील नळ्या वेगळ्या प्रकारच्या, बोरोसिलिकेट काचेच्या असतात. ही काच अधिक तापमानाला वितळते. ती बाटल्यांच्या काचेत मिसळली तर न वितळलेले कण राहतात आणि नव्या बाटलीला तडे जाण्याचा धोका असतो. चिनी मातीचे कप आणि बशा यांचा त्रास याहून मोठा. मातीचा लहानसा तुकडाही भट्टीत खड्यासारखा राहतो. आरशाला मागून धातूचा लेप असतो आणि मोटारीच्या पुढच्या काचेत प्लास्टिकचा पातळ थर असतो. त्यामुळे या वस्तू बाटल्यांबरोबर देऊ नयेत.

ट्यूबलाइट आणि सीएफएल दिवे काचेचे दिसत असले तरी त्यांत पारा असतो. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी त्यांचा समावेश घरगुती घातक कचऱ्यात केला होता. फुटलेला पाऱ्याचा तापमापक, मुदत संपलेली औषधे, वापरलेल्या सुया आणि सिरिंज हेही त्याच गटात होते. म्हणून औषधाची रिकामी, धुतलेली बाटली काचेत जाऊ शकते. मुदत संपलेल्या औषधाने भरलेली बाटली जाऊ शकत नाही. जुन्या दूरचित्रवाणी संचाची काच ई-कचऱ्यात मोडते. २०२२ च्या ई-कचरा नियमांत सौर पॅनेलचाही समावेश आहे. छतावर सौर पॅनेल बसवणाऱ्या नव्या वसाहतींनी ही बाब लक्षात ठेवणे उपयोगाचे ठरेल.

बाटलीचा बाजार

भारतातील शहरांत काच गोळा करण्याची जबाबदारी महापालिकांच्या कितीतरी आधी फेरीवाल्यांनी आणि भंगारवाल्यांनी उचलली. मुंबईत बाटल्यांचा व्यापार इतका प्रतिष्ठित होता की ‘बाटलीवाला’ हे पारशी आडनाव झाले. ‘रद्दी, भंगार, बाटली’ अशी हाळी आजही अनेक गल्ल्यांत ऐकू येते.

या बाजाराचा हिशेब समजून घेतला तर काच अडकते कोठे, हेही कळते. अखंड बाटली नगावर विकली जाते, कारण ती धुऊन पुन्हा भरता येते. बिअर आणि शीतपेयांच्या बाटल्या अशा फेऱ्या करतात. पुन्हा भरल्या जाणाऱ्या बाटलीला भट्टीची गरजच पडत नाही, त्यामुळे हा मार्ग पुनर्प्रक्रियेपेक्षाही चांगला मानला जातो. बाटली फुटली की तिची किंमत नगावरून किलोवर येते आणि तीही अगदी कमी होते. बिअरची मोठी रिकामी बाटली सुमारे अर्ध्या किलोची असते. म्हणजे टेम्पो लवकर वजनाने भरतो, पण त्यातील मालाची रक्कम वाहतूक खर्चाच्या आसपासच घोटाळते. भट्टी किंवा मोठा व्यापारी जितका दूर, तितकी फुटकी काच घेण्याची भंगारवाल्याची तयारी कमी. शहराबाहेरच्या वसाहतीत पत्रा आणि पुठ्ठा घेणारा दुकानदार काचेला नकार देतो, तो याच कारणाने.

महागड्या मद्याच्या बाटल्यांचा एक वेगळा प्रश्न आहे. अशा अखंड बाटल्या बनावट मद्य भरण्यासाठी वापरल्या जाऊ नयेत, म्हणून लेबल फाडून किंवा खरवडून आणि झाकण वेगळे करून त्या देणे योग्य ठरते. त्यासाठी बाटली फोडण्याची आवश्यकता नाही. फोडलेल्या बाटलीने सफाई कामगाराचा हात कापण्याची शक्यता वाढते.

हद्द कोणाची?

उपनगरात घर पाहताना पहिला प्रश्न प्रशासकीय असतो. वसाहत नेमकी कोणत्या स्थानिक संस्थेच्या हद्दीत येते? जाहिरातीत शहराचे नाव असले तरी प्रत्यक्षात जागा ग्रामपंचायतीत, नगरपरिषदेत, कटक मंडळात किंवा एखाद्या विकास प्राधिकरणाच्या क्षेत्रात असू शकते. प्राधिकरण बांधकामाला परवानगी देते, पण रोजचा कचरा उचलण्याचे काम बहुधा त्याचे नसते. ग्रामपंचायतीकडे हजारो सदनिकांचा कचरा हाताळण्याइतकी वाहने आणि मनुष्यबळ असतेच असे नाही.

पुण्याच्या भोवतालचा अनुभव या दृष्टीने बोलका आहे. शहराच्या हद्दीत ऑक्टोबर २०१७ मध्ये ११ गावे आणि २०२१ मध्ये आणखी २३ गावे समाविष्ट झाली. पहिल्या ११ गावांत उरुळी देवाची आणि फुरसुंगी यांचा समावेश होता. पुढे २०२४ मध्ये ही दोन गावे महापालिकेतून वगळून त्यांची स्वतंत्र नगरपरिषद करण्यात आली. एकाच इमारतीतील रहिवाशाला सात वर्षांत ग्रामपंचायत, महापालिका आणि नगरपरिषद अशा तीन व्यवस्थांशी व्यवहार करावा लागला, तो असा.

याच दोन गावांच्या परिसरात पुण्याचा कचरा डेपो आहे. त्याआधी शहराचा कचरा कोथरूडला जात असे. कोथरूड तेव्हा शहराची कड होती. शहर वाढले, कोथरूड मध्यवस्तीत आले, तेथील डेपो बंद झाला आणि त्या जागेवर आज मेट्रोचा डेपो उभा आहे. कचरा पुढच्या कडेला सरकला आणि आता वस्ती तेथेही पोहोचली आहे. दिल्लीत गाझीपूर येथील कचऱ्याचा डोंगर सप्टेंबर २०१७ मध्ये कोसळून दोघांचा मृत्यू झाला होता. उपनगरांचा आणि कचरा डेपोंचा विस्तार एकाच दिशेने होतो, हे घर घेणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

इतर राज्यांत हद्दीचा प्रश्न निराळ्या रूपात येतो. नोएडा येथे निवडून आलेली महापालिका नाही. तेथील नागरी सेवा औद्योगिक विकास प्राधिकरण पाहते. नवी मुंबई परिसरात काही भाग नवी मुंबई महापालिकेत, तर खारघर, कामोठे यांसारखे भाग १ ऑक्टोबर २०१६ रोजी स्थापन झालेल्या पनवेल महापालिकेत येतात. एका रस्त्याच्या दोन बाजूंना कचऱ्याचे वेळापत्रक आणि नियम वेगळे असणे अशा ठिकाणी अशक्य नाही.

नियमांची चौकट

केंद्र सरकारने ८ एप्रिल २०१६ रोजी अधिसूचित केलेल्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी प्रत्येक घराला कचऱ्याचे तीन भाग करण्याचे बंधन घातले : ओला, सुका आणि घरगुती घातक. काच सुक्या कचऱ्यात येते. ५,००० चौरस मीटरपेक्षा अधिक क्षेत्राच्या बंदिस्त वसाहतींनी कचरा उगमाशीच वेगळा करावा आणि पुनर्वापरायोग्य वस्तू अधिकृत कचरावेचकांकडे किंवा पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडे सोपवाव्यात, असे या नियमांत म्हटले होते. २०० पेक्षा अधिक सदनिका किंवा ५,००० चौरस मीटरपेक्षा मोठा भूखंड असलेल्या गृहसंकुलाच्या आराखड्यात कचरा गोळा करणे, वेगळा करणे आणि साठवणे यांसाठी जागेची तरतूद असावी, अशीही अपेक्षा त्यांत नमूद होती.

भराव भूमी वस्तीपासून किमान २०० मीटर दूर असावी, हा निकषही याच नियमांत होता. हे अंतर कायद्याच्या दृष्टीने किमान होते. दुर्गंधी, धूर आणि कचरागाड्यांची वर्दळ याहून दूरवर जाणवू शकते, म्हणून डेपोच्या दिशेने येणारा वारा आणि गाड्यांचा रस्ता पाहणे श्रेयस्कर.

नियमांची एक मर्यादा लक्षात घेतली पाहिजे. त्यांनी काचेला सुक्या कचऱ्यात ठेवले, पण तिच्यासाठी निराळी पेटी सक्तीची केली नाही. एकाच गाडीत प्लास्टिक, पुठ्ठा आणि बाटल्या एकत्र दाबल्या गेल्या तर काच फुटून कागदात मिसळते. मग काचही वाया जाते आणि कागदही. म्हणूनच नियमांचे पालन करणाऱ्या शहरातही काचेचे भवितव्य त्या त्या प्रभागातील पद्धतीवर ठरते.

शहरांचे वेगवेगळे मार्ग

पुण्यात १९९३ मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली कचरावेचकांची संघटना स्थापन झाली. तिचे नावच ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ असे आहे. या चळवळीतून पुढे ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांच्या मालकीची सहकारी संस्था उभी राहिली आणि २००८ पासून महापालिकेशी झालेल्या करारानुसार तिचे सभासद घरोघरी कचरा गोळा करू लागले. सभासद दारातून घेतलेला सुका कचरा वर्गीकरण करून विकतात आणि त्या विक्रीचे उत्पन्न त्यांचे असते. अशा प्रभागात काच वेगळी दिल्याचा लाभ थेट गोळा करणाऱ्या व्यक्तीला मिळतो.

पणजीत कचराकुंड्या हटवून घरोघरी संकलन सुरू करताना सुक्या कचऱ्याचेही अनेक गट करण्यात आले. त्यात धातू आणि काच यांचा गट वेगळा ठेवण्यात आला. गोव्यात फुटक्या काचेचा प्रश्न किनाऱ्यांवर अधिक तीव्र होता. राज्याने २०१९ मध्ये पर्यटनस्थळांविषयीच्या कायद्यात दुरुस्ती करून उघड्यावर मद्यपान करणे आणि बाटल्या फोडणे दंडनीय ठरवले.

बेंगळुरूत उच्च न्यायालयाच्या डिसेंबर २०१५ मधील आदेशानंतर ‘दोन डबे, एक पिशवी’ ही पद्धत लागू झाली. हिरव्या डब्यात ओला कचरा, लाल डब्यात टाकाऊ आणि आरोग्यविषयक कचरा, तर पिशवीत सुका कचरा. प्रभागांत सुका कचरा संकलन केंद्रे असून त्यांतील अनेक केंद्रे पूर्वीचे कचरावेचक चालवतात. तेथे नव्याने राहायला जाणाऱ्याने आपल्या प्रभागाचे केंद्र कोठे आहे, एवढे विचारले तरी काचेचा प्रश्न बऱ्याच अंशी सुटतो.

केरळमध्ये हरित कर्म सेनेच्या महिला सदस्य शुल्क घेऊन घरोघरी अजैविक कचरा गोळा करतात. काच, ई-कचरा, कापड यांसारख्या वस्तूंसाठी वर्षाचे वेळापत्रक ठरवून दिलेले असते. म्हणजे काच रोज उचलली जात नाही. ठरलेल्या महिन्यापर्यंत ती घरात सांभाळावी लागते. तमिळनाडूने निलगिरी जिल्ह्यात मे २०२२ पासून मद्याच्या प्रत्येक बाटलीवर १० रुपये ठेव घेऊन, रिकामी बाटली परत केल्यावर ती रक्कम परत देण्याची योजना सुरू केली. जंगलात फेकलेल्या बाटल्यांमुळे वन्यप्राण्यांना होणाऱ्या इजांच्या प्रकरणात मद्रास उच्च न्यायालयाने दिलेल्या आदेशांची ही पार्श्वभूमी होती. पुढे ही योजना अन्य जिल्ह्यांतही नेण्यात आली. रिकाम्या बाटलीला निश्चित किंमत मिळाली की ती रस्त्याकडेला पडून राहत नाही, हा धडा या प्रयोगातून मिळतो.

घर पाहायला जाताना काय तपासावे?

नमुना सदनिका पाहण्याची वेळ बहुधा दुपारची किंवा रविवारची असते. कचऱ्याची पाहणी करायची तर एकदा सकाळी, घंटागाडी येण्याच्या वेळी जावे. पुढील बाबी तासाभरात तपासता येतात.

• गाडीत ओल्या आणि सुक्या कचऱ्याचे कप्पे वेगळे आहेत का, आणि वेगळा दिलेला कचरा प्रत्यक्षात वेगळ्याच कप्प्यात पडतो का?

• काचेसाठी गोणी, पिंप किंवा क्रेट वेगळा ठेवलेला आहे का? गाडीवरील कामगाराला ‘बाटल्या कोठे जातात?’ असे विचारावे. कार्यालयातील माहितीपेक्षा हे उत्तर अधिक नेमके असते.

• कामगारांच्या हातात हातमोजे आणि पायांत बूट आहेत का? २०१६ च्या नियमांनुसार ही साधने पुरवली जातील हे पाहणे स्थानिक संस्थेचे कर्तव्य होते.

• इमारतीत कचरा वेगळा करण्यासाठी छप्पर असलेली, पाण्याची सोय असलेली जागा आहे का? मंजूर आराखड्यात दाखवलेली जागा पुढे वाहनतळात गेलेली नाही ना? महाराष्ट्रातील नोंदणीकृत प्रकल्पांचा तपशील ‘महारेरा’च्या संकेतस्थळावर पाहता येतो.

• आसपासच्या मोकळ्या भूखंडांवर, नाल्याकाठी आणि मैदानाच्या कडेला फुटक्या बाटल्या दिसतात का? मुले खेळतात तेथील जमीन पाहिली म्हणजे परिसराची सवय कळते.

• सर्वांत जवळचे भंगाराचे दुकान किती अंतरावर आहे, आणि तो दुकानदार अखंड बाटल्या व फुटकी काच यांपैकी काय घेतो?

• जवळच्या जुन्या सोसायटीच्या सचिवांकडे मासिक देखभाल खर्चात कचऱ्यासाठी किती रक्कम जाते, आणि ठेकेदाराच्या करारात काचेचा उल्लेख आहे का, याची विचारणा करावी.

• कचरा हस्तांतरण केंद्र किंवा डेपो किती दूर आहे आणि विकास आराखड्यात जवळपास असे आरक्षण आहे का, हे स्थानिक संस्थेच्या नगररचना विभागात पाहावे.

शहराचे स्वच्छ सर्वेक्षणातील स्थान ही उपयुक्त खूण आहे, तथापि ते संपूर्ण शहराचे असते. मध्यवर्ती भाग चकचकीत आणि नव्याने जोडलेला भाग उपेक्षित, असे चित्र एकाच शहरात असू शकते.

व्यवस्था नसेल तर?

सर्व बाबतींत समाधानकारक वसाहत सापडणे कठीण असते. घर अन्य कारणांनी पसंत पडले आणि काचेची सोय मात्र नाही, असे झाल्यास ती सोय रहिवाशांना उभी करता येते. त्यासाठी मोठ्या भांडवलाची गरज नसते. प्रमाण साधणे आवश्यक असते. एका घरातून निघणाऱ्या चार बाटल्यांसाठी कोणीही येणार नाही. समजा, २०० सदनिकांच्या संकुलात प्रत्येक घरातून महिन्याला एक किलो काच निघाली, तर २०० किलो माल जमतो. शेजारच्या दोन-तीन सोसायट्या एकत्र आल्या तर छोट्या टेम्पोची फेरी परवडू लागते.

पद्धत साधी आहे. संकुलाच्या आवारात, मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी तीन पिंपे ठेवावीत : रंगहीन, रंगीत आणि फुटकी काच. अखंड बाटल्या पिंपात टाकण्याऐवजी क्रेटमध्ये उभ्या ठेवल्या तर त्यांना नगाचा भाव मिळू शकतो. बाटल्या एकदा पाण्याने विसळाव्यात, नाहीतर मुंग्या, माश्या आणि दुर्गंधी यांमुळे आठवडाभरात उपक्रमाला विरोध सुरू होतो. धातूची आणि प्लास्टिकची झाकणे काढावीत. कागदी लेबल राहिले तरी चालते. पावसाळ्यात उघड्या पिंपात आणि बाटल्यांत पाणी साचून डासांची पैदास होते, त्यामुळे झाकण असणे अत्यावश्यक आहे.

खरेदीदार शोधताना भंगारवाल्याच्या पुढची पायरी विचारावी. तो आपला माल कोणत्या घाऊक व्यापाऱ्याला देतो, हे कळले तर मोठ्या प्रमाणातील काच थेट तेथे पाठवता येते. मात्र परिसरात आधीपासून काम करणाऱ्या कचरावेचकांना वगळून असा व्यवहार करणे न्याय्य ठरत नाही. विक्रीचे पैसे त्यांना देण्याची किंवा वर्गीकरणाचे काम त्यांच्याकडेच सोपवण्याची पद्धत अनेक संकुलांत रुळली आहे. काचेतून मिळणारी रक्कम सोसायटीच्या ताळेबंदात क्षुल्लक असते. पिंपे सांभाळणाऱ्या व्यक्तीच्या महिन्याच्या कमाईत ती जाणवते.

घराच्या दुरुस्तीतून निघालेली खिडकीची काच आणि आरसे या पिंपांत टाकू नयेत. बांधकामाचा राडारोडा वेगळ्या नियमांखाली येतो आणि तो उचलण्यासाठी स्थानिक संस्थेकडे स्वतंत्र नोंद करावी लागते. नव्या वसाहतीत पहिल्या दोन-तीन वर्षांत अंतर्गत सजावटीची कामे सुरू असल्याने हा कचरा बराच असतो. त्याचा खर्च कंत्राटदाराच्या करारात आधीच लिहून घेणे सोयीचे पडते.

फुटलेली काच देण्याची रीत

काच फुटल्यावर बहुतेक घरांत ती झाडून ओल्या कचऱ्याच्या पिशवीत टाकली जाते. दुसऱ्या दिवशी ती पिशवी उचलणारा किंवा उघडून पाहणारा हात कापला जातो. कचरा हाताने वेगळा करणाऱ्या महिलांच्या दृष्टीने ही किरकोळ बाब नसते. जखम चिघळली, धनुर्वाताची लस घ्यावी लागली किंवा चार दिवस घरी बसावे लागले तर तेवढी मजुरी बुडते.

हे टाळण्यासाठी तुकडे जाड वर्तमानपत्राच्या अनेक थरांत गुंडाळून पुठ्ठ्याच्या खोक्यात घालावेत, खोके चिकटपट्टीने बंद करून त्यावर मोठ्या अक्षरांत ‘काच’ असे लिहावे आणि ते पिशवीत न टाकता कामगाराच्या हाती सांगून द्यावे. परराज्यात राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी तेथील भाषेत तो शब्द लिहिणे हिताचे : कन्नड आणि तमिळ भाषांत काचेला निराळे शब्द आहेत, तर गुजराती आणि हिंदी भाषकांना ‘काच’ किंवा ‘कांच’ सहज समजते. अक्षरओळख नसलेल्या कामगारासाठी खोक्यावर लाल फुली हीही पुरेशी खूण ठरते. बारीक कण ओल्या कागदाने टिपून तो कागदही त्याच खोक्यात घालावा.

घराची निवड वीस-पंचवीस वर्षांसाठी असते. या काळात एका कुटुंबातून शेकडो बाटल्या आणि बरण्या बाहेर पडतात. त्या पुन्हा भट्टीपर्यंत पोहोचतात, की जवळच्या नाल्यात रुततात, याचे उत्तर घराच्या कागदपत्रांत मिळत नाही. ते सकाळच्या घंटागाडीजवळ, कोपऱ्यावरच्या भंगाराच्या दुकानात आणि सोसायटीच्या सचिवांकडे मिळते. करारावर सही करण्यापूर्वी या तीन ठिकाणी एकदा जाऊन येणे घर घेणाऱ्याच्या फायद्याचे आहे.